लसूणघास दुसऱ्या पिंजऱ्याला

मेक्सिको शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुवायची आणि डॉन एव्हारिस्तो गिनीपिग सांभाळायचे. उवांमार्फत पसरणाऱ्या ताबार्दियोच्या, म्हणजे टायफसच्या, तापाचे जंतू मारून डॉक्टर ओर्दुन्या लस बनवत होते. पहिल्या पिंजऱ्यातल्यांना लस टोचायची, दुसऱ्यातल्यांना नाही. मग दोघांनाही जिवंत जंतू द्यायचे. पहिला पिंजरा बहुतेक तगायचा. दुसऱ्यात ताप चढायचा.

एव्हारिस्तो सगळी लसूणघास दुसऱ्या पिंजऱ्यात टाकायचे.

"अहो, पहिल्यांनी काय पाप केलं?" मी चिडवायची.

"ते जगणार आहेत, कूका. त्यांना लाड कशाला?"

लस माणसांना द्यायची वेळ आली तेव्हा ती इतकीशीच होती, की डॉक्टरांनी एव्हारिस्तोंना सांगितलं, "एकाला पुरेल. तुम्ही घ्या, नाहीतर मुलीला द्या."

मुलगी ओतिलिया. आईविना वाढलेली, तोंडाने फटकळ, तुरुंगातल्या कैद्यांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवणारी. म्हातारा तिलाच घेऊन आला. ती हसत सुटली.

"बाबा, मी कपडे उकळत्या पाण्यात टाकते. तुमचे गिनीपिग उकळता येतात का? गुपचूप दंड पुढे करा."

त्यांनी दंड पुढे केला. धोका प्रयोगशाळेतच आहे, असं आम्हा सगळ्या शहाण्यांना वाटत होतं. कैद्यांचे कपडे पाण्यात पडायच्या आधी त्यांचं उवांनी भरलेलं गाठोडं ती उराशी धरून आणते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला अजून स्वतःचाच राग येतो.

थंडीत ती तापली. अंगावर पुरळ उठलं. एव्हारिस्तो धावत डॉक्टरांकडे आले. "नवी लस तयार आहे ना? द्या तिला."

"आता उपयोग नाही हो," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले. "ती आधी द्यावी लागते."

एव्हारिस्तोंना हे माहीत नव्हतं का? रोज तेच तर बघत होते. तरी ते दारात हात पसरून उभेच राहिले. ओतिलिया गेली. तिला उशापायथ्याशी बसून सांभाळणाऱ्या बापाला साधी कणकणसुद्धा आली नाही.

मातीनंतर ते कामावर आले. पिंजरे झाडले, सगळी लसूणघास दुसऱ्या पिंजऱ्यात टाकली आणि भिंतीला टेकून बसले. दुपारी मी माझ्या डब्यातल्या गरम तोर्तिया आणि घेवडा त्यांच्यापुढे ठेवला.

"दोन घास खा. पोटात काही नाही तुमच्या."

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

"मला कशाला, कूका? मी जगणार आहे."