एक माप कमी

लायल स्टेनेरुडने अडतीस वर्षं सॉरेल क्रीकच्या धान्यकोठारावर गव्हाच्या ट्रकांची वजनं केली. त्या अडतीस वर्षांत एकाही शेतकऱ्याने त्याच्या काट्याकडे वाकून पाहिलं नाही. आमच्या मोंटानात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. निवृत्त झाल्यावर इथली माणसं मासे पकडतात, नाहीतर बायकोच्या पायात पायात करतात. लायलला बायको नव्हती आणि माशांचा त्याला मनापासून कंटाळा. त्याने गॅरेजमध्ये एक टेबल मांडलं आणि काडतुसं भरायला घेतली.

टायरच्या दुकानातून चाकांना लावायचे शिशाचे जुने तुकडे आणायचे, वितळवायचे, वरचा मळ काढायचा आणि साच्यात ओतून गोळ्या पाडायच्या. एखादी गोळी सुरकुतलेली निघाली की ती परत भांड्यात. घाई नावाचा प्रकार या माणसाला माहीतच नव्हता. काडतुसंही त्याची तशीच, मध्यम ताकदीची. डुवेन फजेल म्हणून हार्डवेअरचा दुकानदार आहे. त्याला हत्ती पाडता येईल अशा काडतुसांचा शौक, आणि आमच्याकडे हत्ती सर्कशीतसुद्धा येत नाही. तो लायलला सारखा छळायचा.

"लायल, तुझी गोळी सुटली ना, की मी चालत जाऊन निशाणापाशी तिची वाट बघत बसतो!"

"बस की," लायल म्हणायचा. "पण नेम लागेल हं, जरा बाजूला बस."

सगळी खटपट होती ती लिओना ब्रेकीसाठी. लिओनाचा नवरा आर्विड वारला तेव्हा मागे दोनशे गुरं आणि एक चव्वेचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर ठेवून गेला. गुरं तिने सांभाळली. पण घोड्यावरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं, आणि दुकानातली काडतुसं उडवली की त्यांच्या हिसक्याने ती मनगट धरून अशा शिव्या द्यायची की आमचे पाद्रीबाबा रस्ता बदलत. उन्हाळाभर ती डोंगरावरच्या खोपटात गुरांबरोबर एकटी राहते. तिथे शेपटी वाजवणारे विषारी साप पायरीवर येऊन बसतात, म्हणजे रिव्हॉल्व्हर हवंच.

लायलने तिच्यासाठी वसंतातले तीन महिने घालवले. काडतुसांच्या पुस्तकात दारूची मापं दिलेली असतात, त्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात केली. एका वेळी पाच काडतुसं, आणि प्रत्येक खेपेला बंदुकीच्या दारूची वाढ अगदी नावापुरती. गोळ्या एका जागी पडायला लागल्या आणि काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी बोटाच्या धक्क्याने सुटून आली, तिथे तो थांबला. पुस्तकात वर अजून बरीच जागा होती, पण वरच्या जागेशी त्याला काय करायचं होतं? त्याच्या मनात लिओनाबद्दल काय आहे ते साऱ्या गावाला माहीत होतं. त्याने मात्र तिला आजवर काडतुसांखेरीज काही दिलं नव्हतं.

जूनमध्ये लिओना वर जायला निघाली तेव्हा त्याने पन्नास काडतुसांचा डबा तिच्या हातात ठेवला.

"तपासून घे," तो म्हणाला.

"तू भरलीयेस ना? मग मी डोळे मिटून उडवीन," असं म्हणून ती गेली.

लायलचा एक नेम होता. मापाच्या यंत्रात दारू ओतायच्या आधी ती तोलायची, आणि काम झालं की उरलेली परत तोलायची. जेवढी खर्ची पडली त्यातून पन्नास मापं वजा करायची, हिशेब शून्यावर यायलाच हवा. त्या खेपेला लिओनाची निघायची गडबड होती म्हणून उरलेली दारू त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी तोलली. एक माप कमी भरलं. त्याने तीनदा तोललं. तिन्ही वेळा एक माप कमी.

मग त्याला आठवलं. पुंगळ्या फळीवर ओळीने उभ्या होत्या, तो एकेकीत माप सोडत होता, आणि मध्येच गॅसवाल्याचा ट्रक दारात आला. तो उठला, सही करून आला आणि जिथे थांबला होता तिथून पुन्हा सुरू झाला. की आधीच भरलेल्या शेवटच्या पुंगळीपासून सुरू झाला? गोळ्या बसवायच्या आधी दिव्याखाली प्रत्येक पुंगळीत डोकावायचं असतं, तसा तो डोकावलाही होता. सगळ्या सारख्याच दिसल्या होत्या. पण बिलिंग्जच्या डॉक्टरने मार्चमध्येच त्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला होता, आणि ही गोष्ट लायलने कुणाजवळ काढली नव्हती.

आता गंमत बघा. डुवेनच्या जबर काडतुसात दारू गळ्यापर्यंत येते, चुकून दुप्पट घातली तर बाहेर सांडते आणि आंधळ्यालाही कळते. लायलची ही दारू झटकन पेटणारी, ती लागते थोडीशीच. पुंगळी निम्म्याहून रिकामी राहते. दुप्पट घातली तरी ती मुकाट्याने पोटात घेते. आणि मग उडवताना रिव्हॉल्व्हर हातात फुटतं.

लायलने गुडघे टेकून जमीन झाडली. एक मेलेला पतंग निघाला, दारूचा कण नाही. तेवढ्यात डुवेन आला आणि सगळं ऐकून म्हणाला, "अरे, ओतताना सांडली असेल इकडेतिकडे. तिला कशाला सांगत बसतोस? अडतीस वर्षांचं नाव घालवशील."

लायलने टोपी उचलली, टेबलावरची हातोडी घेतली आणि ट्रक काढला.

डोंगरावर फोन नाही. दोन तासांची वाट, त्यात पाच फाटकं. प्रत्येक फाटकापाशी उतरायचं, उघडायचं, ट्रक पलीकडे न्यायचा, पुन्हा उतरून लावायचं. एवढ्या घाईतही त्याने पाचही फाटकं लावली. कुणाची गुरं बाहेर पडतील हे आमच्याकडे मरतानाही विसरायचं नसतं. चौथं लावत होता तेव्हा वरून बार ऐकू आला. मग दुसरा. आकडा अडकवून तो ट्रककडे धावला. प्रत्येक बारानंतर तो कान देऊन पुढच्याची वाट बघत होता, कारण पुढचा बार झाला म्हणजे लिओनाचा हात शाबूत होता.

तो हॉर्न वाजवतच अंगणात शिरला. लिओना कुंपणावर कॉफीचे डबे मांडून सराव करत होती.

"काय रे, गाव जळालं की काय?"

"ते खाली ठेव! आता एकही उडवू नकोस. किती उडवलीस?"

"अकरा. लोण्यासारखी आहेत रे! मनगटाला कळतसुद्धा नाही."

लायलने पायरीवर बसून सगळं सांगितलं. कमी पडलेलं माप, गॅसवाला, आणि शेवटी खाली बघत डोळ्यांचंही. लिओनाने रिव्हॉल्व्हरच्या चक्रात उरलेलं एक काडतूस काढून डब्यात टाकलं.

"काटा आहे ना तुझ्याकडे? तोलून बघ, जड असेल ते काढ."

"नाही जमत गं. गोळ्या हाताने ओतलेल्या. त्यांच्यातच चिमूटभराचा फरक असतो. एकेक फोडूनच बघायला हवं."

हातोडीच्या पोकळ डोक्यात काडतूस बसवायचं आणि लाकडावर आपटायचं, की गोळी आणि दारू सुटी होते. एकोणचाळीस काडतुसं. लायल आपटत होता, लिओना दारू बशीत ओतून बघत होती. वीस झाली, पंचवीस झाली. एकतिसाव्याला तिचा हात थांबला. बशीतला ढीग सरळसरळ दुप्पट होता.

लिओनाने उजव्या हाताची मूठ मिटली, उघडली, परत मिटली.

"झालं," लायल म्हणाला. "माझं भरणं संपलं. तू दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"कुणाला?"

"डुवेन आहे. त्याचे डोळे चांगले आहेत."

"डुवेनला हे कळलं होतं?"

"सकाळी आला होता तो."

"काय म्हणाला?"

लायल हातोडीचा दांडा पुसत राहिला. लिओना त्याला तीस वर्षं ओळखत होती आणि डुवेनलाही.

"समजलं," ती म्हणाली. "आणि मी माझा हात त्याच्या स्वाधीन करू? शनिवारी खाली येते मी. भरायचं तू, पुंगळीत बघायचं मी. आणि सोमवारी तुला बिलिंग्जला घेऊन जाणार, नाही म्हणालास तर दोरी लावून."

"लिओना, मी तुला..."

"माहितीये. आठ राहिलीत अजून."

लायलने बाहीने डोळे पुसले आणि बत्तिसावं काडतूस हातोडीत बसवलं.