काकीचे काळे केस
कोळंबी सोलल्याचा वास आला की मला देवबागमधली ती दुपार आठवते. काकीकडे राहून गेलेले पाहुणे एक जुनी कादंबरी विसरले होते, काळात मागेपुढे नेणाऱ्या यंत्राची. काकी माडाखाली कोळंबी सोलत होती आणि मी तिला ती वाचून दाखवत होतो. काका तरुणपणीच वादळात हरवले होते. होडी सापडली, ते सापडले नाहीत. इतकी वर्षं झाली तरी होड्या परतायच्या वेळी काकी किनाऱ्यावर जायचीच. वाचता वाचता तिने मला थांबवलं. "म्हंजे तेव्हाचो माणूस आता हय येवक शकता?" "गोष्टीत येता गो काकी." "तो तसोच तरणो आसतलो?" "तसोच." तिचे हात थांबले. खाडीवरून खारा वारा येत होता, वर झावळ्या सळसळत होत्या. "मगे तो माका वळखतलो कसो?" मी पुस्तक मिटलं. त्या संध्याकाळी ती किनाऱ्यावर गेली नाही. सकाळी मात्र म्हणाली, "मालवणात गेलस तर माका काळी मेंदी घेवन ये." आणि दुसऱ्या दिवशी पिकलेले केस काळेभोर करून, ठेवणीतली साडी नेसून ती वाळूवर जाऊन उभी राहिली. शेजारणींपैकी कुणीच हसलं नाही. काकी आता नाही. काका हरवले त्या वयाच्या मी कधीच पुढे आलोय, पण होड्या किनाऱ्याला लागताना दिसल्या की अजून माझ्याहून तरण्या माणसाचा चेहरा शोधत राहतो.