शेठला घातलेलं गाऱ्हाणं

विद्याधर परबच्या गळ्यात अख्खं कन्नमवार नगर राहायचं. रेशनवाल्याचं नाकातून "घासलेट संपला, उद्या ये", तळमजल्यावरच्या प्रेमामावशींचं नळ यायच्या वेळचं "बादली कोनाची गं ही, बादली", सगळं जसंच्या तसं. पंच्याऐंशी साली तो घाटकोपरच्या कॉलेजात बारावी सायन्सला होता, तेव्हा त्यात जयंती मॅडमची भर पडली. मॅडम बायोलॉजी शिकवायच्या. घरी गुजराती, आणि मराठी अशी की ऐकत राहावं. "बेडूकला असा नाय पकडायचा, विद्याधर. तो काय भजिया हाय?" हे वाक्य तो त्यांच्या पाठीमागे म्हणायचा, तर मॅडम गोंधळून थांबायच्या, आपणच दोनदा बोललो की काय म्हणून.

नकला करतो म्हणून पोरगा उनाड होता असं नाही. त्याला डॉक्टरच व्हायचं होतं. मेडिकलची सीट बारावीच्या मार्कांवर, आणि वर्गात त्याच्या पुढे दोघंच. पहिली उत्तरा, जिची जर्नल मॅडम सगळ्यांना दाखवायच्या. दुसरा रतन कांबळे. रतन म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधला, चड्डीत होते तेव्हापासूनचा दोस्त. घरचे साताऱ्याकडचे, वडील विक्रोळीतच कंपनीत. रतनला एकही नक्कल जमायची नाही. तो मांजराचा आवाज काढायला लागला तरी रतन कांबळे म्याव म्हणतोय एवढंच ऐकू यायचं.

कॉलेजची बायोलॉजीची लॅब सगळ्यात वरच्या मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला. आत शिरलं की फॉर्मॅलिन आधी डोळ्यांत जायचं, मग नाकात. भिंतीला बरण्या, बरण्यांत पांढरे पडलेले साप, मासे, एक न जन्मलेलं डुकराचं पिल्लू. आणि दाराशी लोखंडी दांड्याला टांगलेला माणसाचा सांगाडा. खराखुरा. गल्ल्यावर बसल्यासारखा तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव शेठ ठेवलं होतं. "शेठ, जरा सरका." "शेठ, उधारी आहे, उद्या देतो."

सहामाहीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मॅडम ऑफिसात अडकल्या. ट्रेमध्ये बेडूक टाचून ठेवलेले, पोरं कंटाळलेली. कोणीतरी म्हणालं, "विद्या, ते तुमचं कोकणातलं होऊन जाऊ दे."

ते म्हणजे गाऱ्हाणं. विद्याधरचे आजोबा दत्ताराम परब गावी देवळासमोर उभे राहून सगळ्या गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचे, आणि प्रत्येक मागण्यामागून गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती, पण आवाज नातवाकडे राहिला होता. कफाची घरघर, शेवटच्या शब्दाला दिलेला हेलकावा, मध्येच घेतलेला तंबाखूचा श्वास.

विद्याधर शेठसमोर उभा राहिला. हात जोडले. मान म्हणून खडूचा तुकडा त्याच्या पायाशी ठेवला.

"बा देवा म्हाराजा, बारा बरण्यांच्या धन्या, ही बारावीची लेकरां आज तुझ्या पायाकडे उभी आसत."

"व्हय म्हाराजा," वर्ग ओरडला.

"तेंचे हात थरथरांदे नको. तेंका मेडिकलची सीट गावांदे."

"व्हय म्हाराजा."

"आनि जो कोण माझ्या फुडे आसात, तेका जरा बाजूक कर. माझी वाट मोकळी कर."

"व्हय म्हाराजा," वर्ग हसत हसत म्हणाला. रतन तेवढा गप्प होता. त्याच्या घरी असलं काही चालायचं नाही आणि त्यालाही पटायचं नाही. "हाडांना काय मागतोस रे," तो म्हणाला, "अभ्यास कर."

आणि हसणं ओसरल्यावर, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, दाराकडून आणखी एक "व्हय म्हाराजा" आलं. सावकाश. म्हाताऱ्या गळ्यातून. शेवटी तोच हेलकावा.

वर्गानं टाळ्या पिटल्या. "काय काढलास यार, ओठ पण हलले नाहीत."

विद्याधरनं वाकून सलाम केला. आवाज त्यानं काढला नव्हता. पण हे सांगणार कोणाला? वर्गात आवाज आला की तो विद्याधरचा, हे त्यानं स्वतःच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर उत्तरा कॉलेजला आली नाही. मग कळलं, कावीळ. साधी नव्हती. तिच्या वडिलांनी येऊन मॅडमना सांगितलं, यंदा परीक्षा नको, पोरगी वाचली तरी पुष्कळ. पोरांना वाईट वाटलं. कोणीतरी टप्पल मारावी तसं म्हणालं, "शेठ कामाला लागला रे, विद्या." विद्याधर हसला. हसताना त्याचं लक्ष शेठच्या पायाकडे गेलं. खडू जागेवर नव्हता. झाडलोट होते, खडू राहील कशाला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. जयंती मॅडमच्या आवाजात सांगितलं, म्हणजे जरा खरं वाटेल.

आता पुढे एकटा रतन होता.

रतनला जानेवारीत ताप भरू लागला. रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास. नाक्यावरच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हटलं, मग दुसऱ्यांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही. दोघं गच्चीवर टाकीला टेकून अभ्यास करायचे, समोर खाडी आणि खारफुटीची काळी पट्टी. रतनचं मनगट इतकं बारीक झालं होतं की त्यातली दोन्ही हाडं नावानिशी दाखवता आली असती. एका संध्याकाळी रतननं पुस्तक मिटलं.

"एक विचारू? हसू नकोस. ताप चढला ना, की एक म्हातारा दिसतो. तुमच्यासारखं बोलतो, कोकणी. म्हणतो, जरा बाजूक हो."

"मग?"

"मी सरकतो. तर म्हणतो, आजून."

विद्याधर पुस्तकं उचलून तसाच जिना उतरला.

घरी त्यानं आईला सांगितलं. शेवंती परब मासे साफ करत बसली होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"मस्करीत घातलंस? हाडापुढे? आनि आजोबाच्या आवाजात?"

"आई, मस्करीच होती."

"घालणाऱ्याची मस्करी, ऐकणाऱ्याची खंयची?" तिनं हात धुतले आणि ओले हात तसेच मांडीवर ठेवून बसली. "आयक. गाऱ्हाणा एकट्याचा नसता. एकान घालूचा, दुसऱ्यान व्हय म्हणूचा. व्हय म्हणणारो नसलो तर ता वाऱ्यावर जाता. तुका व्हय म्हणणारे गावले. आता ता परत घेऊचा तर तुयाच घेऊक होया. थंयच. त्याच आवाजात. आनि जा मागलंस ता सोडूक होया."

"सगळं?"

"सीट मागलंस ना? मग सीट."

तो महिनाभर टाळत राहिला. असं काही नसतं, असं रतनच तर म्हणायचा. विद्याधर पुस्तक उघडायचा, सीट डोळ्यांसमोर यायची, पांढरा कोट, दाराबाहेर पाटी. मग संध्याकाळ व्हायची आणि समोरच्या बिल्डिंगमधून रतनच्या आईची हाक यायची, "कुणीतरी बर्फ आणा गं." ती हाक तो हुबेहूब काढू शकला असता. कधी काढली नाही.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला रतन शाल पांघरून आला. बाहेरचे परीक्षक पॅसेजमध्ये चहा घेत होते, जयंती मॅडम त्यांच्याशी बोलत होत्या. बाकीची पोरं जिन्यात. रतनला उभं राहवत नव्हतं म्हणून मॅडमनी त्याला आधीच आत बसवलं होतं. तो टेबलावर डोकं टेकून पडला होता, झोपला असावा. विद्याधर दाराशी गेला. शेठची हनुवटी तारेनं बांधलेली होती, ती किंचित हलत होती. पंखा चालू होता.

"बा देवा म्हाराजा," तो पुटपुटला. आजोबांचा आवाज आज काढावा लागला नाही. तो तिथेच होता, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. "ह्या लेकरान जा मागलान, ता चुकान मागलान. ता परत घी. माझ्या फुडे जो आसा, तो फुडेच रवांदे. माका सीट नको."

मग तो थांबला. व्हय म्हणायला कोणी नव्हतं. शेठचे दात, बरण्या, पंख्याची कुरकुर. आईनं सांगितलं होतं ते त्याला आठवलं, आणि हे वाऱ्यावर गेलं असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

"व्हय म्हाराजा."

पाठीमागून आलं. सावकाश, म्हाताऱ्या गळ्यातून, शेवटी हेलकावा देऊन. विद्याधर वळला. रतनचं डोकं टेबलावरच होतं, फक्त ओठ मिटत होते. मग त्यानं डोळे उघडले, शाल बाजूला टाकली. शर्ट घामानं चिंब.

"काय रे, असा काय बघतोस? पाणी दे ना. काय उकडतंय."

त्या दिवशी रतनचा बेडूक पुस्तकातल्या चित्रासारखा निघाला. विद्याधरची कात्री पहिल्याच कापाला घसरली, मोठी शीर तुटली आणि ट्रेमधलं पाणी लाल झालं. काहीच दिसेना. मॅडम जवळून जाताना हळूच म्हणाल्या, "आज तुझा हातला काय झाला?" त्यांची नक्कल करायचं त्याच्या मनात आलं नाही.

निकाल लागला. सीट थोडक्यात हुकली. रतनला मिळाली. विद्याधरनं त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला झूऑलॉजी घेतलं, म्हणजे रोज तीच लॅब, तेच दार. तो शेठकडे न बघता आत जायचा. हुकल्याचं दुःख होतं, पण समोरच्या बिल्डिंगमधून बर्फाची हाक येत नव्हती, आणि तेवढ्यावर त्याची झोप चालून जायची.

दिवाळीत रतन हॉस्टेलवरून घरी आला. गालांवर मांस चढलेलं, बोलण्यात नवे शब्द. दोघं गच्चीवर टाकीला टेकून बसले. खाडीवर उजेड मावळत होता.

"कॉलेज झकास आहे रे," रतन म्हणाला. "वर्गात माझ्यापुढे एकच आहे. चंद्रप्रकाश म्हणून. माझा रूममेटच. चांगला मुलगा आहे." मग हसून, "ते गाऱ्हाणं म्हण ना एकदा. पोरांना सांगितलंय तुझ्याबद्दल."

"विसरलो."

"असं कसं विसरशील? थांब, मला येतं."

"तुला? तुला म्याव येत नाही."

रतननं हात जोडले, गंमत म्हणून. घशात घरघर झाली. मध्ये एक तंबाखूचा श्वास आला. रतननं तंबाखूला कधी बोट लावलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा," दत्ताराम परबांचा आवाज म्हणाला, "जो कोण माझ्या फुडे आसात, तेका जरा बाजूक कर."

शेवटचा शब्द हेलकावा घेऊन थांबला. रतन हात जोडून, हसऱ्या तोंडानं, विद्याधरकडे बघत होता. वाट बघत होता.

"म्हण ना," तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. "पुढचं तुझं असतं ना?"

विद्याधरनं ओठ मिटले. जिभेवर शब्द आपोआप येऊन बसला होता, आजोबांनी लावलेली सवय. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि तसाच बसून राहिला. खाली प्रेमामावशी बादली कोणाची म्हणून विचारत होत्या. त्यांना उत्तर द्यायलासुद्धा त्यानं हात काढले नाहीत.