एक तांब्या पाणी की अर्धा तास पेन्सिल?

फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या गालावरचा तीळ पुसत होते. नांदेडला माझ्या मुलाची फोटो लॅब आहे आणि तिथल्या एका संगणकासमोर मी रोज सकाळी दहाला जाऊन बसते. वय साठीच्या पुढं, चष्म्याला जाड भिंगं, पण चेहरा गुळगुळीत करण्याच्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मीच सांगून टाकते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. फोन लातूरहून होता, माझ्या धाकट्या जावेचा, सुमनचा. "अक्का, हे गेले," एवढंच ती म्हणाली. माझे दीर, मन्मथ भाऊजी. चाळीस वर्षं लातुरात फोटो काढणारे, आणि गेली दोन वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या मारून दमलेले. मी फोन ठेवला. तो तीळ आधी नीट पुसून संपवला. मग रडले.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. मी लातूरला पोचले तोवर भाऊजींना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. नातेवाईक मोबाइलवर फोटो काढत होते आणि मागची खिडकी सताड उघडी होती. ऊन डोक्यामागून, तोंड अंधारात. मला राहवेना. गर्दीतून वाट काढत गेले, खिडकी लावली आणि बाजूच्या दाराचा पडदा सारला. कुणीतरी बाई म्हणाली, "आता काय करायल्यात ह्या?" मी म्हटलं, "उजेड मागून येतोय, तोंड काळं येईल." लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण भाऊजींची मुलगी गौरी, जी सकाळपासून दगडासारखी बसली होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं रडायला लागली. तिला कळलं होतं. आता या गोष्टीला दीड महिना होऊन गेला, आणि भाऊजींबद्दल लिहायचं तर मला माझ्या तोंडाबद्दल लिहावं लागणार आहे, त्याला इलाज नाही.

मी मुदखेडची. पाचव्या वर्षी मला देवी आल्या आणि जाताना चेहराभर खड्डे ठेवून गेल्या. लग्नाचं वय झालं तसं वडिलांनी मला नांदेडला नेलं आणि एका फोटोवाल्यासमोर बसवलं. त्यानं काय केलं कोण जाणे, आठवड्यानं फोटो हातात आला तेव्हा मीच मला ओळखलं नाही. नुकत्याच धुतलेल्या पाटीसारखं लख्ख तोंड! तो फोटो लातूरला गेला. मग दिवेलागणीच्या वेळी सासरे आणि चुलत सासरे बघायला आले, मी मान खाली घालून नाव सांगितलं आणि उठले. काय ठरलं ते फोटोवरच ठरलं. लग्न होऊन लातूरच्या उंबऱ्यात उभी राहिले तेव्हा सासूबाईंनी ओवाळायला निरांजन वर उचललं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. "ही फोटोतली न्हाई," त्या म्हणाल्या. हळू नाही म्हणाल्या. माझे यजमान गप्प राहिले. ते आयुष्यभर गप्प राहत आलेत, त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो.

पुढं आठ-दहा दिवस आळीतल्या बायका हळदीकुंकवाचं निमित्त काढून यायच्या. आधी कोनाड्यातल्या फोटोकडं बघायच्या, मग माझ्याकडं. मी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं सोडून दिलं. भाऊजी तेव्हा नुकते मिसरूड फुटलेले, अभ्यासात दिवे लावून एका स्टुडिओत बिनपगारी शिकायला जाणारे. एका दुपारी ते चुलीपाशी आले, हातात तो फोटो. म्हणाले, "वहिनी, हा ट्रंकेत घाला. ह्याला बघून बघून लोक तुम्हाला बघंनात." सासूबाईंनी विचारलं तर काय सांगायचं, असं मी म्हटलं. "माझं नाव सांगा," म्हणाले. सासूबाईंनी विचारलं नाही.

त्यानंतर लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, पाट्यांना ओला रंग, आणि जिकडं तिकडं अर्ज. ज्याला त्याला नोकरी हवी, दाखला हवा, आणि प्रत्येक अर्जाला फोटो. भाऊजींनी गंजगोलाईच्या बाजारामागं एक खोली भाड्यानं घेतली आणि बघता बघता दारात रांग लागली. आणि नेमका पाऊस गेला. एक वर्ष, मग दुसरं. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, टँकरपुढं घागरींची भांडणं. आता तुम्ही म्हणाल, फोटोचा आणि पाण्याचा काय संबंध? तेव्हा फार होता. औषधातून काढलेला फोटो पुष्कळ वेळ स्वच्छ पाण्यात धुवावा लागे, नाहीतर सहा महिन्यांत पिवळा पडे. फोटो बिघडला, परत काढला, की तेवढं पाणी परत. भाऊजी एका माणसाचा एकच फोटो घेत. स्टूल फिरव, हनुवटी उतरव, बाजूला पांढरं धोतर धरून गालावर उजेड टाक, निलंग्याकडचं माणूस असलं तर दोन शब्द कानडीत बोल... आणि सगळं मनासारखं जमल्याशिवाय बटणाला बोट नाही. लोक वैतागायचे. "अप्पा, काढा की आता!" "काढतो. तुम्ही अजून आला न्हाईत," असं म्हणायचे. माणूस समोर बसलेलं असायचं, आणि भाऊजी म्हणायचे अजून आलं नाही.

त्याच दिवसांत मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, मला ती पेन्सिल शिकवा." नांदेडच्या त्या फोटोवाल्यानं ज्या पेन्सिलीनं माझे खड्डे बुजवले आणि मला खोटं ठरवलं ती मला एकदा हातात धरून बघायची होती, आणि घराबाहेर पडून जिथं कुणी तोंड बघणार नाही अशा जागी बसायचं होतं. त्यांनी हातातली निगेटिव्ह दोरीला लावली. मग म्हणाले, "शिकवतो. पण मी काढलेल्या फोटोला तुमची पेन्सिल लागली तर ती माझी चूक धरायची, तुमची कला न्हाई." झालं. खोलीत उभ्या केलेल्या फळीच्या आडोशाला माझी जागा झाली. तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशातून उजेड वर घ्यायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचा एकेक ठिपका भरायचा. तोंडावरचा काळा डाग निगेटिव्हवर उजळ दिसतो, तो पेन्सिलीनं भरला की छापताना नाहीसा होतो. माझा हात इतक्या लवकर बसला की दुसऱ्या स्टुडिओवाले आपल्या निगेटिव्ह माझ्याकडं पाठवायला लागले. भाऊजींच्या मात्र क्वचितच यायच्या.

दुष्काळी कामावरून थेट फोटोला येणाऱ्या बायका असत. खडी फोडून आलेल्या, केसाच्या मुळापर्यंत धूळ, दुपारी अंगणवाडीच्या अर्जाला फोटो हवा. भाऊजी अशा बाईला आधी एक तांब्या पाणी द्यायचे. "तोंड धुऊन या." घरात प्यायला पाणी मोजून आणि हे तोंडं धुवायला देतात, म्हणून सासूबाई एकदा स्टुडिओत येऊन कडाडल्या. भाऊजी शांतपणे म्हणाले, "आई, एक तांब्या पाणी का वहिनीची अर्धा तास पेन्सिल, तूच सांग. पेन्सिलीनं धूळ जाती, पण बाईचं तोंड बी जातं. पाण्यानं नुसती धूळ जाती." मला हसू आलं आणि रागही आला. माझ्या कामाला हा माणूस माझ्याच समोर नावं ठेवतो!

तो राग एकदा बाहेर पडला. उदगीरचे एक व्यापारी आपल्या मुलीला स्थळाच्या फोटोसाठी घेऊन आले. मुलीचा एक गाल लहानपणी उकळत्या दुधानं भाजलेला. "एवढं तेवढं काढून टाका," बाप म्हणाला. भाऊजींनी त्या मुलीला जवळजवळ तासभर बसवलं. गप्पा मारल्या, हसवलं. फोटो असा आला की आधी तिचे डोळे दिसत, मग हसू, आणि डागही होता, लपवलेला नव्हता. मी भांडले. म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय? पुरुषाचं तोंड घेऊन जन्माला आलात. ह्या डागापायी ती जन्मभर बापाच्या घरी राहील." भाऊजी पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. दोन दिवसांनी ते कामासाठी बाहेर गेले असताना मी ती निगेटिव्ह काढली, डाग भरला, फोटो छापला आणि बाप आला तेव्हा त्याच्या हातात ठेवला. बाप इतका खूश झाला की मला "बहीणबाई" म्हणाला.

भाऊजींना कळायला वेळ लागला नाही, निगेटिव्ह बघितल्याबरोबर कळलं. त्यांनी पेन्सिल पुसून काढली, नवा फोटो छापला आणि भर उन्हात एसटीनं उदगीरला गेले. "चुकून दुसराच दिला," असं सांगून चूक स्वतःवर घेतली, खरा फोटो दिला आणि माझा परत आणला. तो माझ्या काचेवर ठेवून म्हणाले, "वहिनी, ही पोरगी उंबऱ्यात उभी ऱ्हाईल तव्हा तिच्या शेजारी तुम्ही उभ्या असणार हायत का?"

इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाचा हट्ट पाण्याच्या टंचाईतून आला. तो सासूबाईंनी उचललेल्या निरांजनाच्या उजेडातून आला होता. मला वाटत होतं त्या संध्याकाळी माझ्याकडं सगळ्यांनी बघितलं, पण माझं काय होतंय हे कुणी बघितलं नाही... तर एका पोरानं बघितलं होतं, आणि विसरला नव्हता. त्या मुलीचं पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. बापानं फोटो ठेवून घेतला की दुसरीकडं जाऊन पुन्हा काढला, देव जाणे. चांगलं झालं असेल असं मी धरून चालते.

पुढं मुलगा नांदेडला स्थिरावला, आम्हीही त्याच्याकडं आलो, आणि पेन्सिलीच्या जागी संगणक आला. भाऊजी पहिल्यांदा लॅब बघायला आले तेव्हा माझ्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले, "बरं झालं, आता टोक काढायची बी कटकट न्हाई." माझा मुलगा त्यांना चिडवायचा, "काका, आता शंभर काढा, त्यातला एक नीट करा, झालं." ते म्हणायचे, "शंभरदा काढतोस म्हंजी एकदा बी बघंनास." पण ते हटवादी नव्हते. डिजिटल कॅमेरा त्यांनीही घेतला, मंगल कार्यालयातल्या दिव्यांचा हिरवट रंग संगणकावर काढायला त्यांची हरकत नसे. हिमायतनगरच्या एका म्हाताऱ्यानं वाळवीनं खाल्लेला आपल्या आईचा फोटो आणला होता, तो मी चार दिवस बसून जुळवला. भाऊजी तेव्हा नांदेडलाच होते. म्हाताऱ्याला रडताना बघून ते मला म्हणाले, "ही चूक वाळवीची. ही तुम्ही सुधारावी." मोठ्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली त्यांचा फोन आला होता. "वहिनी, आता फोटोला पाणी लागंना झालं, नुसतं माणसाला लागायलंय."

सगळं आयुष्य फोटोच्या धंद्यात गेलं, पण लग्नानंतर माझा एकटीचा फोटो मी काढू दिला नाही. घरच्या कार्यात मागं उभी राहायची, आणि तरी सापडलेच तर लॅबमध्ये बसून स्वतःचा चेहरा आधी घासून पुसून मगच फोटो अल्बममध्ये जाऊ द्यायची. भाऊजींनी अनेकदा म्हणून बघितलं. मी कधी त्यांच्यासमोर बसले नाही.

परवा लातूरला गेले होते. स्टुडिओ आता गौरी चालवते, त्याच खोलीत. आवराआवर चालली होती, खुर्च्यांवर खोकी. "मोठी आई, स्टुलावर बसा जरा," ती म्हणाली. मी बसले आणि समोर बघितलं. माझ्या जुन्या जागेची ती फळी. दारातून येणाऱ्याला तिची पाठ दिसते, तोंड फक्त स्टुलावर बसलेल्याला. त्यावर कॅमेऱ्याच्या जरा वर एक फोटो लावलेला. मी, काचेवर वाकलेली, हातात पेन्सिल. खालच्या आरशातला उजेड गालावर. खड्डा न् खड्डा मोजून घ्यावा.

"हा कधी काढला?" मी जवळजवळ ओरडलेच. सुमन दारात होती. म्हणाली, "तुम्ही नांदेडला जायच्या आधल्या उन्हाळ्यात. तुम्ही गेलात आन् ह्यांनी तिथं लावला. स्टुलावर कुणी बी चुळबुळ करायलं, कुणाच्या तोंडावर काही असलं, की म्हणायचे, वहिनीकडं बघा. मग माणूस गप बसायचं. तुम्हाला ठावं न्हवतं, अक्का?" मला आधी राग आला, न विचारता काढला म्हणून. मग सवयीनं मी तो फोटो डोळ्यांनी तपासायला लागले, कुठं काय पुसायला हवं ते. वरून खाली, खालून वर... काही सापडलं नाही.

तेवढ्यात एक मुलगी भरतीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली, गालभर मुरमं. मी स्टूल सोडलं आणि फळीशेजारी उभी राहिले. मुलगी सारखी ओढणी गालावर घेत होती. गौरी कॅमेऱ्यामागं गेली आणि म्हणाली, "हनुवटी थोडी खाली. आता समोर, त्या बाईंकडं बघ." मुलीनं फोटोकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा फोटोकडं.

"ह्याच हायत का त्या?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं, "मीच."

मुलगी हसली, ओढणी सुटली, आणि गौरीनं बटण दाबलं. एकदाच.