न घातलेलं गाऱ्हाणं

पुतण्याला यंदा पक्षाचं तिकीट मिळालं नाही. आपल्याच माणसांत निवड झाली, दुसऱ्याचं नाव वर गेलं, हा खाली राहिला. परवा येऊन पडवीत बसला. म्हणाला, "आबा, आता काय करू? अपक्ष उभो ऱ्हवू की गप घरात बसू?"

मी म्हटलं, "तेच्या प्रचाराक जा. पयलो नारळ तू फोड."

तो हसला. "तुमका सांगूक काय जाता? तुम्ही खंय कधी हरल्यात?" चपला घातल्या आणि गेला.

मी हरलो आहे. बहारीनमध्ये हरलो, आणि तेही आपल्याच माणसांत. हे त्याच्या तोंडावर सांगायला जीभ उचलली नाही. चौथीत शाळा सुटली, अक्षर वाकडं आहे, तरी लिहितो. बोलून जे होत नाही ते लिहून होतं का बघू.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. हिद्दच्या बाजूला आमचा कॅम्प होता. लांब पत्र्याच्या खोल्या, एकावर एक खाटा. कंपनीचं काम लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या रंगवण्याचं. मी परांची बांधायचो. माझ्या परांचीवरून एक माणूस कधी पडला नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगेन. परांची बांधून झाली की वाळूवाले चढायचे. नळीतून जोरानं वाळू मारून गंज उडवायचे. तोंडाला फडकं बांधलेलं, पण वाळू फडक्याला कुठे विचारते.

त्या वाळूवाल्यांत माझ्या वाडीचा एक होता. त्याला मीच तिकडे नेला. त्याच्या आईनं माझ्या हातात त्याचा हात दिला होता, म्हणजे मुलगी देतात तसा. तीन वर्षांत त्याला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. डॉक्टरनं औषध दिलं आणि काम बदला म्हणून सांगितलं. काम बदलायला ऑफिसात कागद जावा लागे, आणि कागद नुसता जाऊन चालत नसे, त्याच्यामागे कोणीतरी बोलणारा लागे.

तेवढ्यात कंपनीनं जाहीर केलं, सगळ्या कॅम्पचा मिळून एक माणूस नेमा. तो दर गुरुवारी कॅम्प बॉसच्या समोर बसेल, लोकांचं काय असेल ते सांगेल. मत शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. केरळवाल्यांनी लगेच आपला माणूस ठरवला. ते संख्येनं जास्त. पंजाबी म्हणाले, तुम्ही मराठी लोक एकच माणूस उभा करा, आम्ही तुमच्याबरोबर. दोन उभे केलेत तर खलास.

आमच्यात दोघे होते. एक मी. दुसरा स्टोअरकीपर, साताऱ्याकडचा, वयानं माझ्याहून लहान, मॅट्रिक झालेला. ठरवायचं कसं? मीच सांगितलं, दोन तांबे ठेवा, आडवी चादर लावा, एकेकानं आत जाऊन सुपारी टाका. गावच्या देवळात काही ठरवायचं असलं की आमच्याकडे असंच करतात. मला खात्री होती. अर्ध्याहून जास्त माणसं माझ्या मुलखातली, त्यांतले अकरा तर माझ्याच वाडीचे. शिवाय गाऱ्हाणं मी घालायचो. आमच्या घराला तो मान आहे. देवासमोर नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं देवाला सांगायचं, आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. कोणी रजेवर निघो, कोणाला मुलगा होवो, गाऱ्हाणं माझंच. मी प्लायवूडचा तुकडा कापून देवाची फळी केली होती, ती माझ्याच खाटेच्या वर होती.

तांबे ओतले. माझ्या तांब्यात सुपाऱ्या कमी निघाल्या.

मी उठलो. बाहेर नळावर हात धुवायला गेलो, तर मागून माझा वाडीवाला आला. खोकत खोकत म्हणाला, "दादानू, खोटा नाय बोलणंय. माझी सुपारी तेच्या तांब्यात घातलंय."

"कित्याक?"

"तेका इंग्लिश येता. माझो कागद तो लिवतलो. तुमका लिवक येणा नाय. रागवू नकात."

बरोबर बोलला होता तो. आज कळतं. तेव्हा कानात वाळू मारल्यासारखं झालं. ज्याला मी समुद्र ओलांडून आणला, त्यानं मला तोंडावर सांगावं की तुला येत नाही. मी एवढंच म्हटलं, "बरा केलंस." आणि त्या दिवसापासून त्याच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं.

शुक्रवार आला. सकाळी सगळे माझ्या खोलीत जमले. मत टाकायला जाण्याआधी नारळ व्हायला पाहिजे होता. मनाम्याच्या बाजारातून नारळ आणून फळीवर ठेवला होता. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

स्टोअरकीपर पायाशी येऊन उभा राहिला. "तात्या, उठताय न्हवं?"

मी पांघरूण डोक्यावर ओढलं.

"तात्या, आमच्याकडं ही पद्धत न्हाई. मला त्यातलं एक अक्षर येत न्हाई. गाऱ्हाणं तुमीच घाला. माझ्यासाठी नगा घालू, ह्याच्यासाठी घाला." त्यानं कोणाकडे हात केला ते मला न बघता कळलं. खोकला दाराजवळून येत होता.

मी तसाच भिंतीला म्हणालो, "सुपाऱ्यांनी तुका नेमल्यानी मां? मग सुपाऱ्यांकडसूनच गाऱ्हाणा घालून घे."

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही. दुसरा कोणी घालणार नव्हता, कारण मान माझा, आणि माझ्या हयातीत माझ्यासमोर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक. नारळ तसाच राहिला. माझ्या वाडीतला एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, "देवाक सांगूक नाय तर काम कसा होतला? चला रे, बाजारात जावया." तो निघाला, त्याच्यामागे बाकीचे निघाले. एकटा तो खोकणारा सोडला तर माझ्या वाडीचे दहाही जण मनाम्याला गेले, साबण आणि बॅटऱ्या आणायला. मी त्यांना जा म्हटलं नव्हतं. थांबा पण म्हटलं नव्हतं.

स्टोअरकीपर सात मतांनी पडला.

केरळवाला निवडून आला. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याकडे त्याच्याच लोकांचे कागद ढीगभर होते. आमचा कागद स्टोअरकीपरनं तरीही लिहून त्याच्या हातात दिला. दर गुरुवारी केरळवाला मला मेसमध्ये सांगायचा, "अगला हफ्ता, चाचा. इंशाल्ला." त्याच्या यादीत आमचा माणूस खाली होता, आणि यादी वर सरकायला वेळ लागतो.

उन्हाळा चढला. तिकडचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला मी काय सांगू? हवा अंगाला ओल्या कांबळ्यासारखी चिकटते. मी खालून परांचीच्या गाठी तपासायचो आणि वरून वाळूचा आवाज थांबला की मान वर करायचो. आवाज थांबायचा, खोकला यायचा, पुन्हा आवाज सुरू. एके दिवशी थांबला तो सुरूच होईना. मी वर चढलो. तो परांचीच्या फळीवर बसला होता, फडकं हातात, फडक्यावर लाल.

"कोणाक सांगू नकात," म्हणाला. "घराक धाडतीत."

मी तसाच उतरलो आणि कॅम्प बॉसच्या खोलीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा गेलो. माझं हिंदी मोडकं. "साब, वो आदमी बीमार है. वाळू का काम मफी, अब नहीं. दुसरा काम देव."

त्यानं वर बघितलं. "तुम कौन? तुम लोगों ने आदमी चुना है ना? उसको भेजो. सब लोग सीधा अंदर आएगा तो कैसे चलेगा?"

मी कोण? हे मला कोणी विचारावं अशी वेळ मीच आणली होती. स्टोअरकीपर त्या खुर्चीत असता तर त्याला कोणी विचारलं नसतं. संध्याकाळी केरळवाल्याकडे गेलो, नुसते पाय धरायचे बाकी ठेवले. त्यानं खरोखरच दुसऱ्या दिवशी शब्द टाकला. काम बदललं, गेटवर बसायचं मिळालं. पण बसणारा उरला नव्हता. पंधरा दिवस तो गेटवर स्टुलावर बसला, गाडी आली तरी दांडा वर करायला उठवत नसे, ड्रायव्हरच उतरून करायचे. मग कंपनीनं त्याचं तिकीट काढलं.

घरी जाऊन तो दोन महिने जगला. त्याच्या आईनं मला पत्र पाठवलं नाही. रजेवर गेलो तेव्हाही तिनं मला पाणी दिलं, खुशाली विचारली, त्याच्याबद्दल शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तो निघाला त्या सकाळी सगळे कामावर गेले होते. मी आजारी म्हणून राहिलो होतो, आजारी नव्हतो. एअरपोर्टची गाडी यायची होती. तो माझ्या खाटेवर बसला, बॅग पायाशी. फळीकडे बघत म्हणाला, "दादानू, आता तरी घाला."

नारळ नव्हता. मी उभा राहिलो, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू आज घराक जाता, म्हाराजा."

"होय म्हाराजा," तो म्हणाला. पन्नास माणसांच्या जागी तो एकटा.

"तेका वाटेत काय इघ्न येव देव नको, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि माज्याकडसून जा काय चुकला आसात…"

त्याला खोकल्याची उबळ आली. मी हात जोडून थांबलो. बाहेर गाडीनं हॉर्न दिला. तो एका हातानं तोंड धरून उठला, दुसऱ्या हातानं बॅग उचलायला लागला, ती मी घेतली. ते वाक्य तसंच राहिलं, त्याला "होय" कोणी म्हटलं नाही.