चिखलदऱ्याच्या घाटात पाय टेकला

सायकलवर बसून डोंगर चढण्यात काही मजाबिजा नसते, हे आधीच सांगून टाकते. फोटो पाहणाऱ्यांना धुकं दिसतं, सागाचं रान दिसतं, वळणाखालची दरी दिसते. चढणाऱ्याला पुढच्या चाकासमोरचं हातभर डांबर दिसतं आणि स्वतःचा श्वास ऐकू येतो, बास. मी शाळामास्तरीण, पुढल्या वर्षी निवृत्त होणार. उजवा गुडघा कुरकुर करतो. त्या पावसाळ्यानंतरच्या दिवसांत तर मी सकाळी उठायचेच थकलेली. तरी सायकल काढायचे. नवरा अंथरुणातूनच म्हणायचा, "काय खूळ घेतलं वं डोक्यात!"

खूळच होतं. अमरावतीच्या आमच्या सायकलवाल्यांच्या गटानं डिसेंबरात कोकणात जायचं ठरवलं होतं, समुद्राच्या कडेकडेनं, गावागावांतून. गटाचा म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे, माझ्या मुलीच्या वयाचा. तो आदल्या वर्षी जाऊन आला होता. त्याचं वर्णन ऐकून माझी झोप उडाली. "काकू, तिथं सरळ रस्ताच नाही. खाडीपर्यंत उतरा, सायकल बोटीत टाका, पलीकडे उतरलं की पुन्हा छाती फुटेस्तोवर चढा. पण वर पोचलात ना, की खाली समुद्र." मी समुद्र एकदाच पाहिला होता, कसल्याशा प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा, बसच्या खिडकीतून. तोही नीट नाही, कारण शेजारची बाई मधे डोकं घालून बसली होती. आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हे वर्ष चालवा, पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. म्हणजे जायचं तर याच डिसेंबरात. नाहीतर समुद्र आपला टीव्हीत.

"समुद्र काय सायकलनंच दिसते काय?" नवऱ्यानं विचारलं. "एसटी जाते न कोकणात."

मी चहा ठेवला.

अडचण एकच होती. कोकणात मागे गाडी राहणार नव्हती, दमला त्याला उचलून घ्यायला कोणी नाही. म्हणून दातांच्या डॉक्टरनं अट घातली. घाटाच्या पायथ्यापासून चिखलदऱ्यापर्यंत जमिनीला पाय न टेकता जो चढेल, तोच कोकणात. हळू चढा, रडत चढा, पण पाय टेकायचा नाही. अट बरोबर होती, त्यामुळे भांडताही येईना.

आमचा मुलुख म्हणजे पोळपाट. दर्यापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूला काळी जमीन, कपाशी, सोयाबीन, आणि चढ म्हणून कुठंतरी एखादा पूल. चढाचा सराव करायचा कुठं? मी शहरातल्या उड्डाणपुलावरून खाली-वर, खाली-वर करत राहायचे. एक दिवस पोलिसानं थांबवून विचारलं, "मॅडम, काही हरवलं काय?" मग गटाबरोबर पातूरच्या घाटात दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला घाट पाय न टेकता चढला आणि घरी येऊन मी जोड्यांसकट पलंगावर आडवी झाले.

आता माझ्या सायकलची जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सासर चांदूर बाजारजवळच्या खेड्यात, घरची भाजीची शेती. लग्नानंतर मला शेजारच्या गावच्या शाळेत नोकरी लागली. बस नव्हती. सासरे नव्हते, घरात शब्द चालायचा तो नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. आमच्याकडे त्यांना भासरे म्हणतात, मी दादाजी म्हणायचे. घरात कोणालाच पसंत नसताना त्यांनी स्वतः सायकल आणून अंगणात उभी केली. भिंतीकडे पाहत म्हणाले, कारण भासरे धाकट्याच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाहीत, "मास्तरीणबाईनं सायकलनं जावं. पण घरचं मोठं माणूस सामने आलं तं उतरावं. एवढी रीत ठेवा."

रीत मी ठेवली. पाराजवळ उतरायचे, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दादाजी दिसले की उतरायचे, पदर डोक्यावर घ्यायचा, चालत पुढं जायचं, पुन्हा बसायचं. ऊन असो, चिखल असो, पोटात पोर असो. पुढं आम्ही अमरावतीला आलो, पदर गेला, साडीसुद्धा सणापुरती राहिली, दादाजीही समोरासमोर बोलायला लागले. पण पायाला हे कोणी कळवलं नव्हतं.

त्या रविवारी आम्ही परतवाड्याहून निघालो. धामणगाव गढी मागं पडलं आणि रस्ता वर उठला. पहिल्या दोन वळणांत सगळे मला मागं टाकून गेले. बरंच झालं, माझं धापा टाकणं कोणी ऐकायला नको. मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि पाय फिरवत राहिले. माणूस चालत गेला असता तर माझ्यापुढं गेला असता. घाम डोळ्यांत, पाठ मोडलेली, गुडघ्यात कोणी खडे भरल्यासारखं. एका वळणावर माकडं कठड्यावर रांगेनं बसून माझ्याकडे पाहत होती. मी त्यांना शिव्या दिल्या. तरी पाय फिरत होते. मोथा गाव आता फार लांब नव्हतं, आणि तिथून चिखलदरा हाकेच्या अंतरावर. मला पहिल्यांदा वाटलं, जमते आपल्याला. बाई, तू चालली समुद्रावर!

तेवढ्यात वरून टेम्पो आला. आमचाच. दादाजींचा मुलगा दर रविवारी चिखलदऱ्याच्या हॉटेलांना भाजी पोचवून रिकामा टेम्पो घेऊन उतरतो, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी शेजारच्या सीटवर दादाजी बसलेले होते. पांढरी टोपी, काचेतून सरळ माझ्याकडे पाहत.

मी उतरले.

ठरवून नाही, विचार करून नाही. पाय खाली गेला, मी सायकलच्या बाजूला उभी राहिले आणि हात पदर ओढायला डोक्याकडे गेला. तिथं हेल्मेट लागलं. तेव्हा कुठं मला कळलं की मी काय केलं.

टेम्पो थांबला. दादाजींनी मान बाहेर काढली. "काहून उतरली वं मास्तरीणबाई? सायकल बिघडली काय?"

पुतण्याला मात्र अट ठाऊक होती, मीच फोनवर बढाई मारून सांगितली होती. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे देवा! काकू, पाय टेकायचा नव्हता न तुमाले!" मग त्यानं बापाला सगळं सांगितलं. दादाजी ऐकत होते आणि मी हँडल धरून रस्त्याकडे पाहत होते. त्या चढावर पुन्हा बसणं मला जमेना. दोनदा प्रयत्न केला, दोनदा सायकल आडवी झाली. शेवटी ढकलत वळणापर्यंत नेली, तिथं जरा सपाट होतं, तिथून बसले. टेम्पो मागं फिरून माझ्या पुढं वर निघून गेला.

वर पोचले तर चहाच्या टपरीवर दादाजी डॉक्टरला समजावून सांगत होते. "माह्यापाई उतरली ते. मी नसतो भेटलो तं चढलीच असती. तिचा टेकलेला पाय मोजू नका तुमी. मी सांगून राहिलो न, न्या तिले कोकणात." डॉक्टर बिचारा हसून म्हणाला, "हो हो काका, काही हरकत नाही. काकू, तुम्ही पास!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला असा राग आला, की त्यापुढं घाटात आलेला थकवा काहीच नाही. नोकरीला दादाजी हो म्हणाले म्हणून गेले. सायकल दादाजींनी आणली म्हणून चालवली. अमरावतीला त्यांनी जा म्हटलं म्हणून आलो. सगळं त्यांनी प्रेमानंच केलं, हे तर मला आणखीच जड जातं, कारण प्रेमानं करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? आता समुद्रही त्यांच्याच शब्दावर पाहायचा?

"नाही," मी म्हटलं. "टेकला तो टेकला. मी पुढच्या रविवारी पुन्हा चढीन. नाही जमलं तर नाही जाणार."

दादाजींसमोर मी असं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि टेम्पोत जाऊन बसले.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. गुडघा सुजला, वर्गात खुर्चीवर बसूनच शिकवलं. घरी नवरा म्हणाला, "दादा नाराज हाये." मी म्हटलं, असू दे. पण भाजी चिरताना, अंघोळ करताना, फळ्यावर तारीख लिहिताना एकच गोष्ट डोक्यात. रविवारी टेम्पो येणारच. लवकर निघालं तर चढताना मागून येईल, उशिरा निघालं तर उतरताना समोरून भेटेल. दादाजी नसतील कदाचित. आणि असले तर? मनाशी कितीही म्हटलं की उतरायचं नाही, उतरायचं नाही, तरी माझ्या पायावर माझा विश्वास उरला नव्हता.

रविवारी फक्त डॉक्टर बरोबर आला. तो मागं राहिला, पाहायला. या खेपेला मी सुरुवातीपासूनच खलास होते. कोकण, समुद्र, काही आठवत नव्हतं. नुसतं हे संपावं एवढंच वाटत होतं. धुकं इतकं, की वळण अंगावर आल्यावर दिसायचं.

मोथ्याच्या अलीकडं, मागच्या वेळी सायकल ढकलत नेली त्याच वळणावर, टेम्पो उभा होता. पुतण्या चाकाजवळ उकिडवा बसला होता. आणि कठड्याजवळ दादाजी. गेल्या खेपेसारखे माझ्याकडे पाहत नव्हते. दरीकडे तोंड, रस्त्याकडे पाठ, हात मागं बांधलेले. दरीत पाहायला काही नव्हतं, नुसतं पांढरं धुकं. गार वाऱ्यात धोतर फडफडत होतं आणि ते उगाच तिकडं पाहत उभे होते.

माझा उजवा पाय पेडलवरून सुटायला लागला होता. तो तिथंच थांबला. दादाजींची पाठ होती. त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं, म्हणजे मला उतरायचं कारण नव्हतं. मी इतक्या जवळून गेले, की हात लांब केला असता तर लागला असता. माझी धाप त्यांना ऐकू न येणं शक्यच नव्हतं. त्यांनी मान हलवली नाही.

चढावर रडू नये, श्वास पुरत नाही. मी रडत रडत पेडल मारत होते आणि स्वतःवर चिडत होते. मागं धुक्यातून त्यांचा आवाज आला.

"गेली काय रे?"

"गेली, बाबा."

"मंग फिरू काय इकडं?"

"थांबा जरासक. अजून दिसून राहिली."