फिरत्या दवाखान्यातल्या अक्का

भालकी तालुक्यातल्या यच्चयावत बायकांच्या पापण्या आतून पाहिलेली व्यक्ती जगात एकच आहे, आणि ती म्हणजे आमच्या अक्का. हा मान कुठल्या नेत्रतज्ज्ञालाही मिळालेला नाही. समोर बाई आली की अक्का नाव विचारायच्या आधी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढत, मान तिरकी करून आत डोकावत आणि तिथल्या तिथे निकाल देत. "लाल हाय, जा." नाही तर, "पांढरी हाय, गाडीत बस." एकदा एका लग्नात अक्षता टाकायला म्हणून गेल्या आणि मुंडावळ्या बाजूला सारून नवरीचीच पापणी बघून आल्या. नवरदेव घाबरून दोन पावलं मागे सरकला.

ही विद्या त्यांना मेंढ्यांनी दिलेली. माहेर मेंढपाळाचं, सासरही मेंढपाळाचं. मेंढीची पापणी आतून पांढरी दिसली की तिच्या अंगातलं रक्त सरलं, हे त्यांना अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक. मी एकदा म्हणालो, "अक्का, माणसांना मेंढ्यांसारखं काय तपासता?" तर म्हणाल्या, "मेंढीला सांगता येत न्हाई, म्हून बघावं लागतंय. बाईला सांगता येतंय, पर ती सांगत न्हाई. मग फरक काय ऱ्हायला, तम्मा?" तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. मी मूळचा उदगीरचा, एका मोठ्या कंपनीच्या फाउंडेशनमध्ये समन्वयक म्हणून सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या भालकीला आलेला. फाउंडेशनचा फिरता दवाखाना होता, शाळकरी मुलींसाठी शिष्यवृत्ती होती, एकट्या बायकांच्या घरांना शिलाई यंत्रं होती. अक्कांची आमच्या कागदावरची नोंद 'आरोग्यसखी'. प्रत्यक्षात डॉक्टर, ड्रायव्हर आणि मी, असे आम्ही तिघं अक्कांच्या हाताखाली कामाला होतो.

गाडीवर भोंगा होता. त्यावर हात धुण्याबद्दलचा एक सुरेल संदेश कन्नड आणि मराठीत वाजवायचा, अशी बेंगळुरूहून सूचना होती. अक्कांनी तो दोन दिवस ऐकला, तिसऱ्या दिवशी माईक हातात घेतला. "गाडी मारुतीच्या देवळापाशी आली हाय. ज्यांची शुगर मागच्या गुरुवारी वाढली व्हती त्यांनी यावं. कोण कोण हाय ते मला ठाव हाय. नावं घेऊ का?" पाच मिनिटांत रांग लागली. मी त्यांना समजावलं, की रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. "ठेवलीच की गुप्त! नावं घेतली का मी?" असं म्हणून त्या माझ्यावरच रुसल्या.

आमचे डॉक्टर हुबळीकडचे, तरुण, गोरेगोमटे, मराठीचा गंध नसलेले. म्हणून दुभाषेपण अक्कांकडे. डॉक्टर कन्नडमध्ये म्हणत, गोळी जेवणानंतर घ्या. अक्का मराठीत सांगत, "गोळी जेवल्यावर घ्यायची, जेवण टायमावर करायचं, आन् सुनंसंगं भांडायचं बंद करायचं, असं डाक्टरसाब म्हणायलेत." वर्षभरात डॉक्टरांना मराठी कळू लागली आणि ते दचकले. "अक्का, सुनेचं मी कधी म्हटलो?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "म्हणणारच व्हतां. तुमचा येळ वाचवला."

शिलाई यंत्रांच्या वेळी तर त्यांनी कहरच केला. असुरक्षित कुटुंबं शोधण्यासाठी मोठा लांबलचक फॉर्म आला होता. मी तो अक्कांना वाचून दाखवला. त्यांना 'असुरक्षित' एवढा एकच शब्द पटला. आठ दिवसांनी त्यांनी यादी आणली, ती दाराला आतून कडी नसलेल्या घरांची. मी कपाळावर हात मारला. मग तोच फॉर्म घेऊन स्वतः घरोघर फिरलो, एकेक प्रश्न विचारला, आणि शेवटी माझी जी यादी झाली ती अक्कांच्या यादीपेक्षा दोनच नावांनी वेगळी होती. ती दोन नावंही नंतर अक्कांचीच बरोबर निघाली. "ज्या घरात बाई एकलीच ऱ्हाती, तिथं कडी बसवायला कोण येतंय?" एवढंच त्या म्हणाल्या.

मग बेंगळुरूहून फाउंडेशनच्या मुख्य बाई आल्या. हार, नारळ, शाळेतल्या मुलींचं स्वागतगीत, सगळं जय्यत. मी अक्कांना आदल्या दिवशी हात जोडून विनवलं होतं, की मॅडमच्या पापणीला हात लावायचा नाही. अक्का कबूल झाल्या. कार्यक्रमभर पदराखाली हात बांधून बसल्या. मॅडम भाषणाला उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता त्यांनी टेबलाला धरलं. मी बघितलं तर अक्का उठल्या होत्या. व्यासपीठावर चढून त्यांनी मॅडमला खुर्चीत बसवलं, पापणी ओढली आणि चालू माईकवर जाहीर केलं, "ह्या बाईच्या अंगात रक्त न्हाई! दुपारी जेवायलीस का नुसती मीटिंग करायलीस?"  माझी नोकरी गेली, असं मी मनातल्या मनात घरी कळवूनही टाकलं. मॅडमना मराठी येत नव्हती. डॉक्टरांनी अर्थ सांगितला. त्या क्षणभर अक्कांकडे बघत राहिल्या आणि खळखळून हसल्या. गाडीत जाऊन त्यांनी बोट पुढे केलं. रक्त खरंच कमी निघालं. जाताना त्यांच्या हातात आमच्या अहवालाची जाड फाइल होती, आणि तिच्यावर अक्कांनी ठेवलेली गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी.

पण अक्कांना गप्प झालेलं मी एकदाच पाहिलं. एका गावात शोभा नावाची सून सात महिन्यांची गरोदर होती. एका गुरुवारी ती गाडीकडे आली नाही. सासू दारात येऊन म्हणाली, "माहेराला गेलीय." अक्कांनी अंगणातल्या दोरीकडे बघितलं. "माहेराला गेलेली सून वलं लुगडं दोरीवर टाकून जाती व्हय?" आणि त्या उंबऱ्यावर बसल्या. पुढच्या गावाची रांग खोळंबली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, अक्का हलायला तयार नाहीत. शेवटी आतून शोभाच भिंतीला धरत बाहेर आली. तिची पापणी बघायची गरजच नव्हती; ओठसुद्धा पांढरे पडले होते.

"हिला आत्ताच्या आत्ता बीदरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय," अक्का म्हणाल्या.

"न्हाई न्यायची!" सासू किंचाळली. "माझी लेक अशीच नेली व्हती दवाखान्यात. चालत गेली माझी लेक. माघारी आली न्हाई."

सगळ्यांना सगळं सांगणाऱ्या अक्कांना त्या क्षणी काही सुचलं नाही. त्या तिच्याशेजारी जाऊन जमिनीवर बसल्या.  मग अक्का हळूच म्हणाल्या, "तवा तू तिच्यासंगं गेली व्हतीस का?"

"मला कोण नेतंय? बाप्यांनी नेलं."

"मग आज तू चल. हिचा हात तूच धरून बस. मी गाडीत खाली बसते."

सासूनं डोळे पुसले, घराला कुलूप लावलं आणि ती शोभाला धरून गाडीत चढली. बीदरला पोचेपर्यंत अक्का खरोखरच गाडीत खाली, औषधांच्या खोक्यांमध्ये पाय मुडपून बसल्या होत्या. रक्त लागणार होतं. ड्रायव्हरनं दिलं, मी दिलं. अक्काही बाही वर करून उभ्या राहिल्या. नर्सनं सवयीनं त्यांची पापणी खाली ओढली आणि मान हलवली. "आजी, तुमच्याच अंगात रक्त कमी आहे. तुमचं नाही चालणार." अख्ख्या तालुक्याला हा निकाल देणाऱ्या अक्का लाजून लाल झाल्या. "हिला बघायला येत न्हाई," असं मला पुटपुटल्या, पण नर्सनं दिलेल्या गोळ्या मुकाट्यानं कनवटीला लावल्या. शोभा वाचली. पुढे तिला मुलगी झाली आणि बारशाला पाळण्याची दोरी सासूनं अक्कांच्या हाती दिली.

पुढे प्रकल्पाची मुदत संपली. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली, माझी बदली कलबुर्गीला झाली. अक्कांना हे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मुदत संपली म्हून लोकांची शुगर बी जाईल का रे?" 

गेल्या हिवाळ्यात कळलं, की अक्कांचे गुडघे गेलेत. मी माझी गाडी घेऊन गेलो. बीदरच्या दवाखान्यात यायला त्या नको नको म्हणाल्या. मी अक्षरशः उचलून पुढच्या सीटवर बसवलं. सकाळी नऊला निघालो. पहिल्याच गावात अक्का म्हणाल्या, "हितं जरा थांब. हितल्या एका पोरीच्या शिष्यवृत्तीचं काय झालं इचारते." दुसऱ्या गावात बायकांनीच गाडी अडवली. तिसऱ्या गावात चहा झाला, चौथ्यात भाकरी, आणि प्रत्येक ठिकाणी काच खाली करून पापण्या. गुडघ्यांमुळे अक्कांना उतरता येईना, म्हणून बायकाच खिडकीशी वाकत होत्या. बीदरला पोचलो तेव्हा दवाखान्यातली तपासणीची वेळ उलटून गेली होती.

मी वैतागलो. "अक्का, आता उद्या परत यावं लागणार."

"येऊ की," त्या म्हणाल्या. "आज मला लई बरं वाटायलंय."

परतीच्या वाटेवर ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. अक्का बोलता बोलता झोपी गेल्या, मान खिडकीकडे कललेली. रस्ता मोकळा झाला, पुढे जायला जागा होती. पण मी गाडी तशीच हळू चालवत राहिलो.